सडपातळ अंगातली चरबी

मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, असे आमच्या कुरखेड्यात अजूनही ऐकू येते. धानाच्या बांधीत राबणाऱ्या, पहाटे मोहफुले वेचायला रानात जाणाऱ्या माणसाला शुगर कशी होईल, असा त्यामागचा हिशेब. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे नाते खरेच आहे. पण हा हिशेब मला अपुरा वाटतो, कारण त्यात लठ्ठपणा नुसत्या डोळ्यांनी मोजलेला असतो.

चरबी ही शरीराची कणगी. खाऊन उरलेली ऊर्जा कातडीखालच्या चरबीपेशींत साठते, तोवर फारसे बिघडत नाही. कणगी भरली की धान बाहेर सांडते, तशी चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात साचू लागते. मग इन्सुलिन असूनही स्नायू रक्तातली साखर पुरेशी उचलत नाहीत आणि यकृत साखर सोडतच राहते. फुगलेल्या चरबीपेशींतून दाह वाढवणारी द्रव्येही पाझरतात. त्यांपैकी टीएनएफ-अल्फा हे इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, हे १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. स्वादुपिंडातील बीटा पेशी जादा इन्सुलिन तयार करून काही वर्षे निभावतात. त्या थकल्या की मधुमेह उघड होतो.

पण कणगी सर्वांची सारखी नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हा फरक जन्मापासूनच दिसतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी बारीक, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. गर्भात पोषण तोकडे पडले की शरीर मेंदूला जपते आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येते, असा संशोधकांचा कयास आहे.

कुपोषणाशी झगडणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हे फार जवळून लागू पडते. कमी वजनाचे जन्मलेले मूल पुढे श्रम कमी आणि खाणे जास्त अशा काळात वाढले, तर थोड्या वजनवाढीनेही त्याची कणगी ओसंडते. म्हणून वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवी: पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की माणूस सडपातळ दिसत असला तरी रक्त तपासून घ्यावे. आणि पुढच्या पिढीसाठी आधी गरोदर बाईच्या ताटाकडे पाहावे.