कर्नलची पृष्ठनोंद आणि गावचा सातबारा

प्रस्तावना :
सांगली येथे १९४७ साली स्थापन झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्सचा अभ्यास करणारा विद्यार्थ्यांचा गट आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतून संगणकशास्त्राकडे वळणारे अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील असतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीचा हिशेब कसा ठेवतो हा विषय त्यांना अवघड वाटतो. परंतु अशाच हिशेबाची एक पद्धत त्यांच्या घरातील कागदपत्रांत असते. प्रस्तुत लेखात या साम्याच्या आधारे लिनक्स कर्नलची पृष्ठनोंद स्पष्ट केली आहे.

नोंदीचे स्वरूप :
कर्नल भौतिक मेमरीचे समान तुकडे करतो. प्रचलित संगणकांवर असा तुकडा, म्हणजे पृष्ठ, सामान्यतः ४०९६ बाइटचा असतो. ८ गिगाबाइट मेमरीत अशी २०,९७,१५२ पृष्ठे होतात. प्रत्येकास गट क्रमांकासारखा क्रमांक असतो व त्या क्रमांकाने थेट सापडणारी एक स्वतंत्र नोंद असते. ६४-बिट यंत्रावर ही नोंद साधारणतः ६४ बाइटची असते. म्हणजेच मेमरीचा चौसष्टावा भाग, वरील उदाहरणात १२८ मेगाबाइट, केवळ दप्तर सांभाळण्यात खर्च होतो. म्हणूनच या नोंदीत एक नवा रकाना वाढविणेही महाग पडते.

गाव नमुना सात जमिनीनुसार असतो, तर आठ-अ खातेदारानुसार. कर्नलमध्येही असेच आहे. पृष्ठाची नोंद हा 'सात', तर प्रत्येक प्रोसेसची पृष्ठसारणी हा तिचा 'आठ-अ' होय. एखादे पृष्ठ मेमरीतून काढावयाचे असल्यास ते कोणकोणत्या सारण्यांत आहे हे आधी शोधावे लागते. त्यासाठी पृष्ठाच्या नोंदीतच उलट शोधाचा दुवा ठेवलेला असतो. पृष्ठात बदल झाला आहे काय, ते कुलूपबंद आहे काय, हेही तेथेच खुणांनी नोंदविले जाते.

वापरकर्त्यांची गणना :
नोंदीतील सर्वांत नाजूक रकाना म्हणजे वापरगणना. एका प्रोसेसपासून दुसरी निर्माण होते तेव्हा पृष्ठांची लगेच नक्कल होत नाही. दोघी तीच पृष्ठे वाचतात व गणना वाढते. एकीने लिहिण्याचा प्रयत्न केला तरच तिला स्वतंत्र प्रत मिळते. गणना शून्य झाली की पृष्ठ मोकळे होते. ती चुकून लवकर शून्य झाल्यास वापरातील पृष्ठ दुसऱ्यास दिले जाते. एकच गट दोघांना विकल्यासारखा हा प्रकार असून त्यातून एकाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या हाती पडू शकते. ती कधीच शून्य न झाल्यास पृष्ठ कायमचे अडकून पडते.

तुकडे व एकत्रीकरण :
१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने विखुरलेल्या जमिनी एकत्र करून गट पाडण्याचा मार्ग खुला केला. कर्नललाही हीच अडचण येते : मोकळी पृष्ठे पुष्कळ असूनही सलग मिळत नाहीत. त्यावर 'बडी' म्हणजे जोडीदार पद्धत योजतात. केनेथ नॉल्टन यांनी १९६५ साली ती प्रसिद्ध केली. आठ पृष्ठांच्या मोकळ्या खंडातून एक पृष्ठ हवे असल्यास त्याचे चार-चार, पुढे दोन-दोन, शेवटी एक-एक असे भाग होतात. उरलेले चार, दोन व एक पृष्ठांचे खंड आपापल्या यादीत जातात. पृष्ठ परत आले की त्याचा जोडीदार मोकळा आहे काय हे पाहून दोघांना पुन्हा जोडतात. जोडीदारांच्या क्रमांकांत एकाच बिटचा फरक असल्याने शोध तत्काळ लागतो. मात्र शेजारचे कोणतेही दोन खंड जोडता येत नाहीत. एकाच खंडातून फुटलेलेच जोडले जातात.

निष्कर्ष :
जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१६ पासून अनेक पृष्ठांची एकत्रित नोंद हाताळणारी 'फोलिओ' ही संकल्पना कर्नलमध्ये आली. नोंदीचे रूप असे बदलत असले तरी तत्त्व कायम आहे. वारसाची नोंद राहून गेली तर जमीन जागेवर असूनही तंटा उभा राहतो; त्याचप्रमाणे मेमरी शाबूत असूनही तिची नोंद चुकल्यास संपूर्ण यंत्रणा कोसळू शकते.