तारेच्या चाकाचा भाव चाकावर नाही, तारेवर ठरतो!

आजच्या व्हिडिओत जुन्या मोटारींची तारांची चाकं दाखवली. व्हिडिओत हिशेब घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वहीत उतरवून घ्या.

समजा, जालन्यात अंबड रोडला तुमचं सायकल-बुलेटचं गॅरेज आहे. चाकाचा आऊट काढण्यात तुमचा हात बसलाय. एक दिवस गिऱ्हाईक जुनी ब्रिटिश मोटार घेऊन येतं आणि विचारतं, "चाकं करून देणार का? किती घेणार?" इथे बरेच जण एक चूक करतात. चाक बघतात आणि अंदाजाने एक आकडा बोलून मोकळे होतात. मग पुढचे आठ दिवस फुकट राबतात. म्हणून आकडा बोलण्याआधी चार गोष्टी बघायच्या.

आधी चाक समजून घ्या

बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे वजन दाबून पेलतात. तारेचं उलट आहे. तार दाबली तर वाकते, पण ओढली तर भरपूर ताकद देते. म्हणून या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. ताण सगळीकडे सारखा असेल तर चाक सरळ राहतं. एक-दोन तारा ढिल्या पडल्या की त्यांचा भार शेजारच्या तारांवर येतो आणि मग त्या तुटायला लागतात. सायकल असो की मोटार, तत्त्व एकच.

१) तारा किती?

आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. मागे वजन जास्त, म्हणून तारा जास्त. मोटारीत ४८, ६० आणि ७२ हे नेहमी भेटणारे आकडे. १९४५ साली आलेल्या एमजी टीसीला ४८ तारांची, १९ इंची उंच, बारीक चाकं होती. पुढे एमजीबीला ६० तारांची चाकं मिळायची. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला ७२ तारा. इंजिनाची ताकद आणि वेग वाढला तशा तारा वाढल्या.

२) तारा कुठे बांधल्यात?

काही चाकांत तारा रिमच्या मध्याला येतात, काहींत आतल्या बाजूला, तर काहींत बाहेरच्या कडेजवळ. त्यावर चाकाचं रूप बदलतं आणि रिम हबपासून किती आत-बाहेर बसणार हेही ठरतं. एकाच चाकात लांब आणि आखूड अशा दोन मापांच्या तारा असू शकतात. म्हणून चाक उघडण्याआधी फोटो काढा, हबपासून रिमचं अंतर मोजा, लिहून ठेवा. हे माप चुकलं तर टायर मडगार्डला घासणार.

३) चाक गाडीला कसं बसतं?

एक प्रकार साध्या नटांचा, चार-पाच नट आवळले की काम झालं. दुसरा प्रकार खास क्लासिक: हबला दाते असतात, चाक त्यावर सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट. या नटाला कान असतात, तांब्याच्या किंवा मऊ हातोडीने ठोकून तो आवळतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरक्षेच्या नियमांमुळे कानांऐवजी अष्टकोनी नट आले. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलट असतात, अदलाबदल अजिबात चालत नाही.

इथे एक चाचणी कराच. गाडी जॅकवर घ्या, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खट्ट आवाज आला तर दाते झिजलेत. अशा चाकाच्या तारा कितीही चकाचक केल्या तरी ते धोक्याचं आहे. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, आणि ऐकलं नाही तर काम सोडा. चाक सुटलं तर जीव जातो.

४) फिनिश कोणतं?

रंगवलेलं, क्रोम किंवा स्टेनलेस. बऱ्याच गाड्यांना मुळात चंदेरी रंगच होता. क्रोम चमकतं, पण प्लेटिंग नीट झालं नाही तर तार आतून ठिसूळ होते. भारतात ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. अशा गाड्यांच्या मालकांना बहुतेक वेळा मूळचं रूपच हवं असतं. म्हणून आधी विचारा, मग रंगाचा डबा उघडा.

आता हिशेब

समजा तुम्ही चाकामागे २,००० रुपये सांगितले, तारा-निप्पल-मजुरी सगळं धरून. ४८ तारांच्या चाकात एका तारेमागे जवळपास ४२ रुपये येतात. ७२ तारांच्या चाकात फक्त २८! काम दीडपट, पैसे तेवढेच. आणि गिऱ्हाईक "चाकं" म्हणतं तेव्हा स्टेपनी धरून पाच असतात. म्हणजे ४८ च्या २४० तारा, ७२ च्या ३६०. म्हणून दर तारेवर काढा. त्यावर उघडणं, रिमचा गंज काढणं, रिमपट्टी आणि ट्यूब वेगळी लावा. या चाकात निप्पलची भोकं असतात, त्यामुळे बहुतेकांना ट्यूब लागतेच.

एक इशारा. जालना स्टीलचं गाव आहे, म्हणून "तारा इथेच बनवू" असं डोक्यात आणू नका. बांधकामाची सळई वेगळी, चाकाची तार वेगळी. ही तार थंड ओढून बनवतात आणि तिचे आटे कापून नाही, दाबून पाडतात. तार योग्य ठिकाणाहूनच घ्या.

आणि फक्त मोटारींवर दुकान चालेल असंही समजू नका. जिल्ह्यात अशा गाड्या मोजक्याच. रोजची भाकरी सायकल आणि बुलेटवर, मोटारीचं काम ही वरची कमाई. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, त्यामुळे नाव झालं तर मुंबई-नागपूरची चाकंसुद्धा तुमच्यापर्यंत येऊ शकतात.

गृहपाठ: भंगारातलं एक सायकलचं चाक घ्या, सगळ्या तारा काढा, परत भरा, आऊट काढा. घड्याळ लावून वेळ लिहा. त्या वेळेला ३२ किंवा ४० ने भागा. एका तारेला तुम्हाला किती मिनिटं लागतात ते कळेल. तुमचा दर तिथूनच सुरू होतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!