फुंकून केलेलं कापड

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या अलीकडे, भिंतीवर, एक प्लास्टिकचं भांडं अडकवलेलं असतं आणि त्यात वीतभर लांबीचं पांढरं नळकांडं. प्लंबर त्याला ‘स्पन’ म्हणतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की ते बघता बघता तपकिरी होतं आणि फेकून दिलं जातं. फेकण्याआधी ते सुरीने आडवं कापून बघावं. गाळाचा रंग बाहेरून आत फिका होत जातो, कारण बाहेरचे तंतू जाड आणि सैल असतात, आतले बारीक आणि दाट. हे नळकांडं कुणी कातलेलं नाही, विणलेलं नाही, गोंद लावून चिकटवलेलंही नाही. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन गरम हवेच्या झोतात उडवून फिरत्या दांड्यावर साचवत गेलं की ते तयार होतं. दांड्याऐवजी रुंद पट्टा फिरवला तर सपाट कापड मिळतं. त्याचं नाव मेल्टब्लोन. सर्जिकल मास्कचा मधला थर आणि एन-95 मधला खरा काम करणारा थर तो हाच.

कापडाकडे कारागिराच्या नजरेने बघणाऱ्याला हे कापड म्हणजे थट्टाच वाटेल. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून त्या गावाने चांगल्या कापडाच्या खुणा पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. सूत एकसारखं हवं, ताण सहन करणारं हवं, उभा आणि आडवा धागा जागच्या जागी हवा. सूतगिरणीत हवा दमट ठेवायला वेगळी यंत्रणा असते, कारण कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत तयार होते, तंतू एकमेकांना ढकलतात, रुळांना चिकटतात आणि काम बिघडतं. मेल्टब्लोन या सगळ्या कसोट्यांवर नापास होतं. त्याचे तंतू जाडीला एकसारखे नसतात, दिशा नसते, बोटांनी ओढलं तर फाटतं. आणि ज्या स्थिर विद्युतेला गिरणी शत्रू मानते, तिच्याशिवाय ते मास्कच्या कामाचंच राहत नाही. माझ्या मते या कापडाचं सगळं वैशिष्ट्य इथे आहे: त्याचे गुणधर्म सुधारत गेले ते दोष काढून नव्हे, दोष कामाला लावून.

त्याचा जन्म मात्र वस्त्रोद्योगात झाला नाही. सप्टेंबर 1949 मध्ये जपानहून अलास्काकडे निघालेल्या एका अमेरिकी हवामान-विमानावरच्या गाळण-कागदात किरणोत्सारी धूळ सापडली. सोव्हिएत रशियाने पहिला अणुस्फोट केला आहे, हे अमेरिकेला त्या धुळीवरून कळलं. त्यानंतर उंचावरच्या हवेतले सूक्ष्म कण पकडणारी गाळणी ही संरक्षणाची गरज होऊन बसली. वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत व्हॅन वेंट आणि त्यांचे सहकारी एक मायक्रॉनहून बारीक तंतू काढायच्या मागे लागले. माणसाचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉनचा. कातून एवढं बारीक सूत निघणं शक्य नव्हतं. त्यांनी वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकांतून ढकललं आणि दोन्ही बाजूंनी गरम हवेचा जोरदार झोत सोडून ते ताणलं. 1954 मध्ये प्रयोगशाळेचा अहवाल निघाला, 1956 मध्ये एका औद्योगिक रसायनशास्त्राच्या नियतकालिकात लेख आला. ज्या 1954 मध्ये हा अहवाल लिहिला गेला, त्याच वर्षी इटलीत जुलिओ नात्ता यांनी घट्ट, स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. या कापडाला पुढे जो कच्चा माल लाभला, तो असा समुद्रापलीकडे, त्याची काहीच खबर नसताना जन्मला. नात्तांना 1963 मध्ये त्सीग्लर यांच्यासह नोबेल मिळालं. वेंट यांचं नाव आज वस्त्र-अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नाही.

प्रयोगशाळेतल्या युक्तीचं यंत्र केलं ते एका तेल कंपनीने. टेक्ससमधल्या बेटाउन इथे, पुढे एक्सॉन म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या संशोधकांनी साठच्या दशकात त्यावर काम सुरू केलं. हेतू साधा होता: कंपनीकडे पॉलिप्रॉपिलीन होतं, त्याला गिऱ्हाईक हवं होतं. त्यांनी घडवलेली डाय, म्हणजे भोकांची ती लांब पट्टी, आजही त्या कंपनीच्या नावाने ओळखली जाते. कंपनीने स्वतः कापड विकण्यापेक्षा परवाने विकणं पसंत केलं आणि तंत्र जगभर पसरलं.

यंत्रापाशी उभं राहिलं तर दिसायला फारसं काही नसतं, ऐकायला मात्र पुष्कळ असतं. झोताचा आवाज बोलणं बुडवून टाकतो. एका टोकाला दाणे ओततात. एक्स्ट्रूडरचा स्क्रू ते वितळवत पुढे ढकलतो. मग गिअर पंप येतो. डायला दर सेकंदाला नेमका तेवढाच रस मिळावा, कमी नाही, जास्त नाही, ही जबाबदारी त्याची. डायच्या टोकावर एका ओळीत भोकं असतात, साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर व्यासाची. कापड दीड-पावणेदोन मीटर रुंद हवं असेल तर भोकांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. दोन्ही कडांना असलेल्या फटींतून अडीचशे अंशांच्या आसपास तापलेली हवा, ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करेल अशा वेगाने सुटते. भोकातून बाहेर पडलेला थेंब या झोतात सापडला की क्षणार्धात शेकडो पटींनी बारीक होतो, फडफडतो, शेजारच्याशी गुंततो आणि खालून हवा ओढून घेणाऱ्या जाळीच्या पट्ट्यावर जाऊन पडतो. पडताना तो अजून थोडा चिकट असतो, म्हणून वेगळा गोंद लागत नाही. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचं यंत्र डोळ्यांसमोर आणावं. फरक इतकाच की तिथे साखर फिरकीने फेकली जाते, इथे प्लास्टिक वाऱ्याने ओढलं जातं, आणि इथला एकेक तंतू एक ते पाच मायक्रॉनचा असतो.

ऐकायला सोपं, पण सगळी मेख दाण्यात आहे. पॉलिप्रॉपिलीन किती पातळ वाहतं हे मोजायची एक जुनी रीत आहे: 230 अंशांना वितळवून त्यावर 2.16 किलोचं वजन ठेवायचं आणि ठराविक भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतं ते बघायचं. सिमेंटच्या विणलेल्या पोत्याची पट्टी ज्या दाण्यापासून निघते, त्याचा आकडा तीनच्या आसपास असतो. लग्नातली, दुकानातली ती कागदासारखी कापडी पिशवी स्पनबाँडची. तिच्या दाण्याचा आकडा पस्तीसच्या आसपास. मेल्टब्लोनला लागतो हजार-पंधराशेचा. इतकं पातळ करायचं तर रेणूंच्या लांब साखळ्या तोडाव्या लागतात, आणि त्यासाठी पेरॉक्साइड मिसळतात. प्लास्टिकच्या अभियंत्याच्या भाषेत हा बिघडवलेला माल झाला. साखळ्या आखूड, म्हणजे ताकद कमी. पण साखळ्या लांब ठेवल्या तर रस हवेच्या हाताला लागत नाही, तंतू बारीक होत नाही. ताकद आणि बारीकपणा यांत दुसऱ्याची निवड केली गेली.

गेलेली ताकद उसनी आणायची सोय सत्तरच्या दशकात किम्बर्ली-क्लार्क कंपनीने केली. स्पनबाँडचे दोन मजबूत थर आणि मध्ये मेल्टब्लोन, तिन्ही तापलेल्या रुळांखाली ठिकठिकाणी दाबून एक केलेले. त्याला धंद्यात नुसतं एसएमएस म्हणतात. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर घालतात तो झगा, रुग्णावर पांघरतात ती निळी-हिरवी चादर, बाळाच्या डायपरची कड, हे सगळं त्या घराण्यातलं. समुद्रावर सांडलेलं तेल टिपणारे पांढरे गठ्ठेही मेल्टब्लोनचेच. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, पाण्याला जवळ न करणारं आणि तेलाला भरपूर पिणारं असतं.

आता विजेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

मास्कमधल्या तंतूंमधली भोकं विषाणूवाहक थेंबांपेक्षा कितीतरी मोठी असतात. कण अडतो तो भोकाच्या मापाने नव्हे, तंतूवर जाऊन आदळल्याने. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि सरळ तंतूवर आपटतो. अगदी लहान कणाला हवेचे रेणू इकडून तिकडे इतकं ढकलतात की भटकता भटकता तो कुठल्या तरी तंतूला लागतोच. निसटतात ते मधल्या मापाचे, साध्या गाळणीत 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांना पकडायचं तर थर जाड करत जावं लागतं, पण मग श्वास घेता येत नाही. तंतूंनाच कायमचा विद्युतभार दिला तर कण ओढले जातात आणि थर पातळ ठेवता येतो.

कल्पना नवी नाही. 1930 च्या सुमारास हॅन्सन यांनी लोकरीत राळेची पूड घोळून विद्युतभारित गाळणी केली होती. रशियात पेत्र्यानोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1938 मध्ये विजेच्या क्षेत्रात तंतू ओढून भारित गाळण-कापड तयार केलं. त्यापासून झालेला ‘लेपेस्तोक’ हा पाकळीसारखा मास्क 1986 मध्ये चेर्नोबिलला कामगारांच्या तोंडावर होता. मेल्टब्लोनला भार देण्याची सुटसुटीत रीत बसवली ती टेनेसी विद्यापीठात नॉक्सव्हिल इथे. तैवानमधून अमेरिकेत शिकायला आलेले पीटर त्साय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड उच्च दाबाच्या विजेच्या टोकांजवळून नेलं. आजूबाजूची हवा आयनीभूत होते, भार तंतूंत शिरतो आणि पॉलिप्रॉपिलीन वीजवाहक नसल्याने तिथेच अडकून पडतो. त्याचं पेटंट 1995 मध्ये मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत मास्कच्या चाचणीचे नवे नियम आले आणि एन-95 ही श्रेणी ठरली: मिठाचे सूक्ष्म कण, मिनिटाला 85 लिटर हवा, आणि किमान 95 टक्के कण अडले पाहिजेत. तेवढ्याच कापडाची गाळण्याची क्षमता भार दिल्याने दहापटीपर्यंत वाढते, असं त्साय सांगत आले आहेत.

हा भार डोळ्यांना दिसत नाही. 2020 च्या महामारीत त्याचीच किंमत जगाला मोजावी लागली.

भारतात त्या वर्षी 13 मार्चला मास्क जीवनावश्यक वस्तूंत गेले आणि 19 मार्चला मास्कच्या कापडाच्या निर्यातीवरही बंदी आली. शिवणयंत्रं होती, शिवणारे हात होते, स्पनबाँडही होतं. नव्हतं ते मधलं कापड. एका टन मेल्टब्लोनमध्ये ढोबळमानाने दहा लाख सर्जिकल मास्क निघतात, पण ते बनवणारी यंत्रं जगातच मोजकी होती, आणि दोन हजार भोकांची डाय कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाडून मिळत नाही. चीनमध्ये याचा दर टनाला वीसेक हजार युआनवरून चार लाखांच्या वर गेला. जिआंगसू प्रांतातल्या यांगझोंग शहरात तर लोकांनी जमेल ती प्लास्टिकची यंत्रं जोडून घरोघरी मेल्टब्लोन काढायला सुरुवात केली. दिसायला कापड तेच, पांढरं आणि मऊ. पण ना तंतू बारीक, ना त्यात भार. एप्रिलच्या मध्याला प्रशासनाने शहरातले मेल्टब्लोनचे सगळे कारखाने एकदम बंद करायला लावले.

आपल्याकडेही कसोटी हाच प्रश्न होता. मास्क लावून मेणबत्ती विझवायची, मास्कमध्ये पाणी ओतून बघायचं, असले प्रयोग मोबाइलवरून घरोघर पोचले. त्यातून कापडाचा दाटपणा कळेल फार तर; भार कळत नाही. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये एन-95 ला 19 ते 49 रुपये आणि साध्या तीन पदरी मास्कला चार रुपयांपर्यंत दर बांधून दिला. लूट थांबवायला ते गरजेचंच होतं, पण मास्कच्या आत काय आहे हे दरपत्रकावरून कळायला मार्ग नव्हता. निवृत्त झालेले त्साय त्या दिवसांत पुन्हा कामाला लागले. मास्क साबणाने धुऊ नका, अल्कोहोल फवारू नका, भार जातो. त्यापेक्षा सात मास्क ठेवा आणि रोज एक पाळीने वापरा, असा त्यांचा सल्ला होता. आपल्याकडच्या रुग्णालयांतही नावं आणि वार लिहिलेल्या कागदी पिशव्यांत मास्क ठेवलेले दिसू लागले. ज्या अल्कोहोलने आपण हात चोळत होतो, तेच मास्कला निकामी करत होतं. प्रयोगशाळेत तर भार मुद्दाम उतरवायचा असेल तेव्हा कापड त्यातच बुडवतात.

पाण्याचं मात्र उलटं आहे. थ्रीएम कंपनीच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की क्षार काढलेल्या अतिशुद्ध पाण्याचे जोरदार फवारे मेल्टब्लोनवर मारले आणि कापड वाळवलं तर घर्षणाने तंतूंवर भार बसतो, तोही विजेच्या टोकांनी बसतो त्यापेक्षा चांगला. उच्च दर्जाच्या मास्कचं कापड आज अनेक ठिकाणी असंच धुऊन भारित करतात. वाळवायला ऊर्जा खर्च होते, शुद्ध पाण्याची सोय करावी लागते. बदल्यात तेवढीच गाळणी निम्म्या दमात श्वास घेता येईल अशी हलकी करण्याची वाट मोकळी होते.

इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेला केंद्राच्या तांत्रिक वस्त्रांच्या योजनेत नॉनवोवनचं, म्हणजे न विणलेल्या कापडाचं, उत्कृष्टता केंद्र मिळालं ते महामारीच्या बऱ्याच आधी. माग ज्या गावाची ओळख आहे, तिथेच मागाशिवायच्या कापडाचं शिक्षण मिळावं, हे मला योग्य वाटतं: चांगलं कापड काय असतं ते ठाऊक असलेल्यालाच त्यातला कुठला नियम केव्हा मोडायचा ते कळण्याची शक्यता जास्त.

पुढची अडचण सगळ्यांपुढे सारखीच आहे. पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही, आणि महामारीच्या दोन वर्षांतले मास्क अजून नाल्यांत, किनाऱ्यांवर आहेत. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे तंतू याच यंत्रातून काढता येतात, औद्योगिक खतखड्ड्यात ते कुजतातही. पण त्या रेणूला पाण्याची ओढ आहे. दमट हवेत आणि उच्छ्वासाच्या वाफेत त्याचा भार पॉलिप्रॉपिलीनपेक्षा लवकर ओसरतो, आणि भार ओसरला की गाळणी पुन्हा 0.3 मायक्रॉनपाशी उघडी पडते. मिश्रणं, भरणद्रव्यं, दोन पदरी तंतू असे उपाय सध्या तपासले जात आहेत.