रेडिओचा काटा आणि केसकर

चिंचणी-तारापूरकडच्या जुन्या माणसांपुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नाव काढलं, तर बहुतेकांना ते आठवत नाही. ‘रेडिओवरची सिनेमाची गाणी बंद करणारा मंत्री’ म्हटलं की मात्र लगेच मान हलते.

१९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. जन्म पुण्याचा, काशी विद्यापीठात शिक्षण आणि अध्यापन, पॅरिसच्या सोरबोनची डॉक्टरेट आणि धृपदाची तालीम. काशी आणि पॅरिस पाहिलेल्या या गृहस्थांना हिंदी सिनेमाची गाणी काही मानवली नाहीत. त्यांनी आधी त्यांची वेळ कमी केली. मग सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं ठरवून तेही थांबवलं. चिडलेल्या निर्मात्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले आणि गाणी आकाशवाणीवरून गेलीच.

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, फक्त काटा फिरवला. डिसेंबर १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. चिंचणी-तारापूरजवळचं पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर बुधवारी रात्री आठला शेजारी जमत. लघुलहरींवरची खरखर सोसत अमीन सायानींचा आवाज ऐकायचा. रेडिओच्या लायसन्सचे पैसे दिल्लीला, कान कोलंबोला!

तरीही केसकरांना नुसतं हसून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. १९५२मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद सुरू झाला, १९५४मध्ये रेडिओ संगीत संमेलन. संस्थानं बुडाल्यावर गवयांना नवा आश्रय लागणारच होता, तो आकाशवाणीने दिला. आकाशवाणीवर गाण्यासाठी श्रीकृष्ण रातंजनकरांच्या निवड मंडळापुढे परीक्षा देणं मात्र कित्येक बुजुर्गांना झोंबलं, आणि ते साहजिक होतं. उभी हयात गाण्यात घालवलेल्या माणसाला श्रेणी कसली लावता? आकाशवाणीवरची हार्मोनियमबंदी केसकरांच्या आधीची, १९४०ची. त्यांनी ती उठवली नाही एवढंच.

मराठी श्रोत्याचा हिशेब इथे वेगळा लागतो. सिनेमाची जागा भरायला आकाशवाणीने सुगम संगीत हाती घेतलं, तेव्हा भावगीताची परंपरा आपल्याकडे तयारच होती. याच काळात, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. केंद्राचे सीताकांत लाड यांचा पाठपुरावा, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. गंमत अशी की गदिमा आणि फडके दोघेही सिनेमातच घडलेले. सिनेमाला दाराबाहेर ठेवणाऱ्या नभोवाणीवरची मराठीतली सर्वांत लाडकी मालिका सिनेमावाल्यांनीच करून दिली! केसकरांना हे कसं वाटलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

शेवटी माघार त्यांच्याच खात्याने घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर परतली. मधल्या पाच वर्षांत सिलोनची सवय मात्र इतकी मुरली होती की गीतमाला पुढेही वर्षानुवर्षं ऐकली गेली.

१९६२ची निवडणूक केसकर हरले. नोव्हेंबर १९६७मध्ये मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. त्याच वर्षी भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचं केसकरांचं इंग्रजी पुस्तक निघालं. दोन वर्षांनी तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. केंद्राच्या वसाहतीत तमिळ, बंगाली, मराठी अशी नाना प्रांतांची बिऱ्हाडं आली. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या त्या शेजाऱ्यांना एकत्र गुणगुणता येतील अशी गाणी होती ती सिनेमाचीच. केसकर तेव्हा दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते आणि सामान्य वाचकासाठी स्वस्त पुस्तकं काढत होते.