कानात सांगितलेलं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीतल्या मुलाचा नामविधी तेराव्या वर्षी होतो, आणि तिथं त्याची मावशी आधी त्याचं आईनं ठेवलेलं नाव काढून घेते. मग तो उघड्या अंगानं, बिननावाचा, बर्फासारख्या पाण्यातून चालत पलीकडच्या काठाला जातो. तिथं उभा असलेला ओगियन नावाचा जादूगार त्याचा दंड धरतो आणि कानात एकच शब्द सांगतो : गेड. या नावानं त्याला चारचौघांत कुणी हाक मारायची नाही. हाकेसाठी वेगळं नाव आहे, एका शिकारी पक्ष्याचं. खरं नाव ज्याला सांगायचं, त्याच्या हाती आपला जीव द्यायचा.

अद्भुत कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या. राजे, तलवारी, भाकितं सगळं एकमेकांत मिसळून गेलं. हा ओढा मात्र तसाच राहिला. कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. रात्री सापाचं नाव न काढता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणणाऱ्या आणि नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या बायकांमध्ये वाढलेल्या माणसाला नावात शक्ती असते हे कुणी पटवून द्यावं लागत नाही.

कादंबरी आली 1968 साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाकडून. प्रकाशकानं ले ग्विनला थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहायला सांगितलं होतं. तिच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला : गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का? ते कधीतरी पोरसवदा असतीलच ना, मग शिकले कुठं? तिनं आधी एका मोठ्या कागदावर बेटांचा नकाशा काढला आणि रोक नावाच्या बेटावर जादूची शाळा वसवली. हॅरी पॉटर शाळेत जायला अजून एकोणतीस वर्षं होती. रोकमधलं शिक्षण मात्र फारसं मौजेचं नाही. एका एकाकी बुरुजात बसून नावं घोकायची : प्रत्येक खाडीचं, भूशिराचं, झाडाच्या प्रत्येक भागाचं. मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते, म्हणजे तोवर सगळं पाठ झालेलं पाहिजे. आपल्या पाढ्यांच्या पिढीला हे मास्तर ओळखीचे वाटतील.

ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. 1911 साली याही जमातीचा शेवटचा जिवंत माणूस कॅलिफोर्नियात एकटाच डोंगरातून खाली आला. आपलं नाव आपणच उच्चारू नये, ही त्याच्या लोकांची रीत. उच्चारणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. क्रोबरनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. 1916 साली तो गेला, खरं नाव कुणालाच न सांगता. ले ग्विनचा जन्म 1929 चा, म्हणजे तिनं त्याला पाहिलेलं नाही. पण तिच्या आईनं, थिओडोरा क्रोबरनी, 1961 साली इशीचं चरित्र लिहिलं. अर्थसीचं बीज थेट तिथंच आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात ही हकिकत वावरत होती, त्याच घरातल्या मुलीनं हे जग रचलं, हे विसरून मला ती कादंबरी आता वाचताच येत नाही.

गोष्ट तशी लहान आहे. गेड हुशार आणि घमेंडी. शाळेत ईर्ष्येपोटी तो मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. ती फट बंद करताना मुख्य जादूगाराचा जीव जातो. सावलीला नावच नाही, त्यामुळे तिच्यावर मंत्र चालत नाही. पुढं एक ड्रॅगन गेडला ते नाव सांगायला तयार होतो, पण गेड त्याऐवजी ड्रॅगन बेटांवरच्या माणसांना त्रास देणार नाही, एवढं वचन मागून घेतो. अख्ख्या कादंबरीत मोठं युद्ध नाही, काळ्या किल्ल्यात बसलेला खलनायक नाही. सावलीचं नाव इथं सांगत नाही. ज्यानं वाचलंय त्याला ते ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट ले ग्विननं गाजावाजा न करता केली. गेडचा रंग तांबूस तपकिरी, त्याचा मित्र वेच काळा. गोरे आहेत ते गावावर चाल करून येणारे कार्ग. 2004 च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा झाला, तेव्हा ले ग्विननं जाहीर लेख लिहून त्याची हजेरी घेतली.

तरी माझ्या मनात सर्वांत खोल रुतलंय अर्थसीचं दुसरं पुस्तक, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. टेनार या पाच वर्षांच्या मुलीला पुजारीण म्हणून घरातून नेतात आणि तिचं नाव पुसून तिला 'आर्हा' करतात, म्हणजे 'गिळली गेलेली'. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव ज्यांच्या आजीला मिळालं, त्यांना हा विधी परका वाटायचा नाही. थडग्यांखालच्या काळोख्या चक्रव्यूहात गेड तिला तिचं जुनं नाव परत देतो.

1990 साली 'तेहानू' आली. टेनार आता एका शेतकऱ्याची विधवा आहे आणि गाव तिला 'गोहा' म्हणतं. गोहा म्हणजे जाळं विणणारा छोटा पांढरा कोळी. पुन्हा दुसऱ्यांनी दिलेलं नाव, फक्त या वेळी ती ते मुकाट वापरते. गेडही परततो. त्याची सारी जादू संपली आहे. पहिल्या पुस्तकात मावशीच्या तोंडून ऐकलेले शब्द उच्चारून त्यानं शेळ्या गोळा केल्या होत्या आणि त्या पाठ सोडेनात म्हणून तो घाबरून रडकुंडीला आला होता. आता तो त्याच डोंगरावर जातो आणि एक मोसम शेळ्या राखतो.