मोबाईल स्टार्टर घेण्यापूर्वी सिमकार्डाचा मेळ पाहा

ज्या भागात शेतीपंपांना रात्रपाळीने वीज मिळते, तेथे मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारा स्टार्टर मोठ्या सोयीचा आहे. रात्री-अपरात्री अंधारातून, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्याची पाळी त्यामुळे टळते. मात्र पदरचे पैसे घालून आणलेले हे यंत्र कधीकधी पहिल्याच दिवशी फोन उचलत नाही. अशा वेळी यंत्र नादुरुस्त असतेच असे नाही. यंत्र आणि सिमकार्ड यांचा मेळ बसलेला नसतो. म्हणून आधी विहिरीवरील रेंज पाहावी, मग सिमची कंपनी ठरवावी आणि शेवटी यंत्र निवडावे.

यंत्र कसे चालते?

या यंत्रात एक लहानसा मोबाईलच बसवलेला असतो. त्यातील सिमच्या क्रमांकावर आपण फोन किंवा एसएमएस केला, की यंत्र रिलेमार्फत स्टार्टरला चालू-बंदचा आदेश देते. पंप सुरू झाला किंवा वीज गेली, तर तसा निरोप अनेक यंत्रे उलट पाठवतात. म्हणजेच मोबाईलला जे जाळे लागते, तेच यंत्रालाही लागते.

टू-जी की फोर-जी?

केवळ टू-जीवर चालणाऱ्या यंत्रात एअरटेल, व्होडाफोन-आयडिया किंवा बीएसएनएलचे सिम वापरता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने टू-जी जाळे उभारलेच नाही. त्यामुळे टू-जी यंत्रात जिओचे सिम चालत नाही. थ्री-जीच्या भरवशावर यंत्र घेऊ नये. एअरटेलने आपली थ्री-जी सेवा २०२० मध्येच बंद केली.

फोर-जी यंत्र घेताना विक्रेत्याला पुढील दोन गोष्टी विचाराव्यात.

१) यंत्रात 'व्होल्टी' म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय आहे का? ती नसेल, तर जिओच्या सिमवर यंत्राला फोन लागणार नाही. एअरटेलसारख्या कंपनीच्या सिमवर फोन टू-जीवरून येऊ शकतो.

२) यंत्र कोणत्या लहरींवर चालते? जिओचे फोर-जी ८५०, १८०० व २३०० मेगाहर्ट्झवर, तर बीएसएनएलचे ७०० व २१०० मेगाहर्ट्झवर आहे. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात. आडरानातील विहिरीवर बहुधा त्यांचाच आधार असतो. त्या लहरी यंत्रात नसतील, तर हातातील मोबाईलला रेंज असूनही यंत्राला ती मिळणार नाही.

रेंज कशी तपासावी?

घरी रेंज आहे म्हणजे विहिरीवर असेलच असे नाही. शेजाऱ्यांकडील निरनिराळ्या कंपन्यांची सिम घेऊन स्टार्टरच्या पेटीजवळ उभे राहावे आणि सकाळी, संध्याकाळी व रात्री फोन लावून पाहावेत. टू-जी यंत्र घ्यायचे असल्यास मोबाईलच्या सेटिंगमध्ये फक्त टू-जी निवडून तपासणी करावी. लोखंडी पेटीत लहरी अडतात, म्हणून अँटेना पेटीबाहेर उंचावर लावावी.

रिचार्ज

फोन व एसएमएसवर चालणाऱ्या यंत्राला इंटरनेट लागत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व एसएमएससाठी स्वतंत्र पॅक देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. तसा पॅक मागून घ्यावा. मुदत संपल्यावर सेवा बंद होऊन ऐन पाण्याच्या पाळीला अडचण येते, म्हणून मुदतीची तारीख पेटीच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी.

सुरक्षितता

यंत्रात घरच्या माणसांचेच क्रमांक नोंदवावेत. दुरुस्तीसाठी पंपाला किंवा वायरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. मोबाईलवरून पंप बंद केला म्हणजे वीज बंद झाली असे समजू नये. घरून कोणी अजाणता फोन लावला, तर जिवावर बेतू शकते.

यंत्र कोणत्या कंपन्यांच्या सिमवर चालते, हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे. शक्य असल्यास आपलेच सिम घालून विहिरीवर दोन दिवस चालवून पाहावे आणि मगच पूर्ण रक्कम द्यावी.