बोटीवर गेलेला खातेदार

दोन वर्षांपूर्वी थोरल्या चुलतभावानं, आमच्या दादानं, माझ्यापुढं एक कागद ठेवला. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. वाटणीच्या कामासाठी लागत होतं. वडील, आजोबा अशी नावं भरलेली होती, प्रत्येकापुढं मृत्यूची तारीख होती. पणजोबांपुढचा रकाना तेवढा कोरा. दादा म्हणाला, "तू मोडी वाचतोस, दप्तरं उलगडतोस, तर एवढी एक तारीख काढून दे." ती अजून निघालेली नाही. पण ती काढायला गेल्यावर जे हाती लागलं, त्याचा हा वृत्तान्त.

इंदापूर तालुक्यातलं आमचं वरकुटे. समुद्र इथून दोनशे किलोमीटरवर. या गावात होडी पाहायची तर उजनीच्या फुगवट्यावर जावं लागतं, आणि तीही अलीकडची गोष्ट. अशा घरात पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य चालत आलेलं: "म्हातारा बोटीवर गेला, तो गेलाच." म्हातारा कसला, गेला तेव्हा पंचविशीचा असेल. कधी गेला? आत्या सांगायच्या, मानमोडीच्या आधल्या वर्षी. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. म्हणजे साल १९१७च्या आसपासचं. कुठं गेला? "बसऱ्याकडं." एवढीच शिदोरी.

शोधाची पहिली चूक मी इथंच केली. 'बोटीवर गेला' म्हणजे खलाशी झाला असं मी धरून चाललो आणि वर्षभर खलाशांच्या याद्या धुंडाळल्या. देशावर या शब्दांचा अर्थ तेवढाच नव्हता. पलटणीतून समुद्रापार गेलेला शिपाई बोटीवर गेलेला. हमाल, बिगारी, भिस्ती म्हणून फौजेमागं गेलेला तोही बोटीवर गेलेला. करारानं मजुरीला गेलेला गिरमिट्याही तसाच, आणि खरोखरीचा खलाशीही. या चौघांचे कागद चार वेगळ्या ठिकाणी असतात. माणूस कोणत्या नात्यानं बोटीवर चढला हे ठरवल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नसतो.

गिरमिट आमच्या बाबतीत बाद करता आलं. मुंबईहून मॉरिशसला मजूर गेले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. १९१७ साली तर ती भरतीच थांबवली गेली. (ज्यांचे पूर्वज मॉरिशसला गेले ते एका अर्थानं भाग्यवान. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, अंगावरची खूण अशा नोंदी आहेत.) पलटण? पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या आणि कूतच्या वेढ्यात सापडल्या हे खरं. पण कूत पडलं २९ एप्रिल १९१६ला, आमच्या माणसाच्या आधी. शिवाय घरात पेन्शनचा एकही कागद नाही, बिल्ला नाही. उरले दोन: फौजेमागचा मजूर किंवा खलाशी.

वरकुट्याचा माणूस मुंबईच्या धक्क्यावर पोचला कसा, हे मात्र कोडं नाही. पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ सालीच डिकसळपर्यंत आली होती. पाऊस दगा देई तेव्हा या पट्ट्यातली माणसं डिकसळला जाऊन गाडी धरत. जुनं डिकसळ स्टेशन आता उजनीच्या पाण्यात आहे. महायुद्धात मेसोपोटेमियाकडं माणसं, जनावरं, दाणागोटा जायचा तो मुख्यतः मुंबईहून. तिथून बसरा, आणि बसऱ्याहून तैग्रिस नदीतून वर कूत, बगदाद. नदीवर बोटी चालवायला 'इन्लँड वॉटर ट्रान्सपोर्ट' नावाचं स्वतंत्र खातं होतं आणि त्याला हिंदुस्थानातले खलाशी व मजूर हवे असत. बोटीवरच्या कामांची तेव्हा जणू जातवार वाटणी असे. डेकवर कोकणातले मुसलमान, खारवी, कोळी; भट्टीपाशी बहुतेक पंजाब आणि सिल्हेटकडचे; जेवणघरात गोव्याचे. देशावरचा शेतकरी त्यात विरळा. नदीवरच्या कामात मात्र अशा माणसालाही शिरकाव मिळाला असेल, हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आता कागदांकडं. ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या नष्ट झाल्यात असा समज आहे तो खोटा. १८६३ ते १९३८ या काळातल्या सुमारे सत्तर टक्के याद्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला, सेंट जॉन्सच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहेत. पाचावर संपणाऱ्या वर्षांच्या बऱ्याचशा ग्रिनिचच्या मॅरिटाइम म्युझियममध्ये, आणि नमुन्यादाखल दहा टक्के लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १९१५च्या याद्या नावनिशीवार उतरवून सर्वांना खुल्याही केल्या आहेत. पण आमचा माणूस १९१७चा. आणि खरी अडचण वेगळीच आहे. या याद्या माणसाच्या नावानं लावलेल्या नाहीत, जहाजावर लावलेल्या आहेत. जहाज माहीत नसेल तर दार उघडत नाही.

नावाची अडचण तर विचारूच नका. आपल्या जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकाचा मुलगा, आणि बाई 'अमकी कोम तमका' म्हणजे तमक्याची बायको. आडनाव असेलच असं नाही. हाच 'बिन' इंग्रजी कारकुनानं जसाच्या तसा उतरवला, तर आज वाचणारा त्या माणसाला बेधडक अरब किंवा मलायी समजेल. वरकुटे हे नाव रोमन लिपीत मीच सात प्रकारांनी लिहून पाहिलं. त्यात भर म्हणजे खलाशाचं हजेरीपुस्तक, ज्याला ते लोक 'नली' म्हणत, ते दुसऱ्याचं घेऊन जाण्याचे प्रकारही चालत. भरती सारंगाच्या आणि दलालांच्या हाती होती. नली एकाची, माणूस दुसरा. तो बुडाला तर कागदावर बुडायचा भलताच.

समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत, मशीद बंदर भागातल्या सेलर्स होममध्ये आहे. मुंबईतल्या किती मराठी माणसांना ते ठाऊक असेल? बसऱ्याचं स्मारक चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. तिथल्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन बसवलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१च्या अहवालात कबूल केलं, की निदान एक लाख सोळा हजार मृतांची नावानिशी नोंद झालीच नाही किंवा त्यांचं स्मरणच केलं गेलं नाही. त्यांत मोठा भाग पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसांचा.

कमिशनच्या सूचीत पणजोबांच्या नावाशी जुळती नावं मिळाली. एकापुढंही इंदापूर नाही, पुणे जिल्हासुद्धा नाही. दादा म्हणाला, "त्यातलं एक धर की, कोण विचारतंय?" धरलं नाही. कुणाच्या तरी पणजोबाला मी आमच्या वंशावळीत ओढून आणला असता.

वर्षभर परदेशी सूच्या चाळून मग मी गावच्या दप्तराकडं वळलो. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, यात गावात झालेले जन्म-मृत्यू असतात. बाहेर मेलेला त्यात येत नाही, तसा तो आला नाही. पण फेरफारात दोन नोंदी सापडल्या.

पहिली मानमोडीनंतर लगेचची. 'खातेदार परागंदा' असं लिहून पणजोबांच्या जमिनीला चुलत्याची वहिवाट लावलेली. परागंदा हा शब्द मरणाचा नाही. गाव सोडून गेलेला, ठावठिकाणा नसलेला. परागंदा माणसाची जमीन कसायला भाऊबंद पुढं येतात आणि मग त्यांची वहिवाट घट्ट होत जाते. ही गोष्ट फक्त आमच्या गावची नव्हे.

दुसरी नोंद आठ-नऊ वर्षांनंतरची. 'खातेदार मयत सबब वारस मुलगा, अज्ञान, अ.पा.क. आई.' म्हणजे मुलगा अल्पवयीन, पालनकर्ती आई. वर्दी कुणी दिली? बायकोनं. खाली 'नि. डा. हा. अंगठा'. माझ्या पणजीचा अंगठा.

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण पणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती. आत्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आडवी चिरी नाही, चांगलं रुपयाएवढं. बायका कुजबुजायच्या, पुढं पुढं ती कुणाच्या हळदीकुंकवाला जाईना. हातातल्या बांगड्याही उतरल्या नाहीत.

कायदा काय सांगत होता ते पाहू. १८७२च्या पुरावा कायद्याचं १०८वं कलम असं, की ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काही कळलं नाही, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर पडतो. आता नव्या साक्ष्य अधिनियमात तेच १११वं कलम आहे. पण हे अनुमान मरणाचं, मरणाच्या तारखेचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. धर्मशास्त्राची मुदत याहून लांब. बेपत्ता माणसाची साधारण बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं.

आमच्या घरी हा पालाशविधी झाला होता का? नाशिकच्या पुरोहितांच्या वहीत आमच्या गावचं पान निघालं. आजोबा कुंभमेळ्याला गेले होते, तेव्हाची त्यांची सही. घरच्या माणसांची नावं लिहिताना त्यांनी आपल्या आजोबा-चुलत्यांना 'कै.' लावलेलं आहे. वडिलांच्या नावामागं ते नाही. पुतळा जाळल्याची नोंद नाही, पिंडाचीही नाही.

म्हणजे सात वर्षं उलटल्यावर बाईनं चावडीवर जाऊन नवरा मेल्याची वर्दी दिली, अंगठा उठवला, जमीन मुलाच्या नावावर करून घेतली, आणि कपाळावर कुंकू तसंच ठेवून घरी आली. चुलत्याची वहिवाट त्यानंतरच्या पानांवर कुठं दिसत नाही. आज वाटणीला आलेली जमीन ती हीच. मेल्याचा पुरावा तिच्यापाशी नव्हता. जिवंत असल्याचाही नव्हता. एक गोष्ट चावडीत लागत होती, ती तिनं चावडीत दिली.

आता आत्या ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना फेरफाराची नक्कल वाचून दाखवली. त्यांनी अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चुलत्यानं मुकाट्यानं सोडली का गं जमीन?" गं म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, बहुधा तिच्याशी. त्या चुलत्याचे पणतू आमच्या शेजारीच राहतात. बांधावरून बोलणं-चालणं आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं: 'मृत्यूचा दिनांक उपलब्ध नाही, फेरफारानुसार मयत', आणि नक्कल जोडली. कागद स्वीकारला गेला. घरच्या वहीत मात्र मी वेगळी ओळ घातली आहे: 'बोटीवर गेले, अंदाजे १९१७. शेवटची खबर बसरा, तीही ऐकीव.' कै. लावलेलं नाही. त्या काळात मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या बोटींची नावं मी सध्या जमवतो आहे. आजवर अकरा झाली.